निरक्षराने घडवलेली अक्षरे

कोणतीही लिपी ही सहसा अनेक पिढ्यांची सामुदायिक निर्मिती असते. देवनागरी असो, रोमन असो वा अरबी, तिचे आजचे वळण शतकांच्या वापरातून सिद्ध झालेले आहे. स्वतःला कोणतीच भाषा लिहिता-वाचता येत नसताना एखाद्या माणसाने एकट्याने बसून संपूर्ण लिपी तयार करावी आणि त्याच्या हयातीतच साऱ्या समाजाने ती आत्मसात करावी, असे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच. उत्तर अमेरिकेतील चेरोकी या मूळ रहिवासी समाजात जन्मलेल्या सेक्वोयाने हा पराक्रम केला. १८२१ मध्ये त्याची लिपी पूर्ण झाली. त्यानंतर सातच वर्षांत तिच्यात वर्तमानपत्र छापले जाऊ लागले आणि आणखी दहा वर्षांनी त्याच वर्तमानपत्राच्या वाचकांना संगिनींच्या धाकाखाली मायभूमीतून हाकलून देण्यात आले. सेक्वोयाची जीवनकथा या दोन घटनांशी कायमची जोडली गेली आहे.

सेक्वोयाचा जन्म १७७० च्या सुमारास आजच्या टेनेसी राज्यातील लिटल टेनेसी नदीकाठच्या टस्कीगी या गावी झाला. ॲपलाचियन पर्वतरांगांच्या दक्षिण भागात चेरोकींची गावे विखुरलेली होती. मका, घेवडा आणि भोपळ्याची शेती, शिकार आणि हरणांच्या कातड्यांचा व्यापार यांवर त्यांचे जीवन चाले. युरोपीयांबरोबर आलेल्या देवीच्या साथीने १७३८-३९ मध्ये या समाजातील जवळपास निम्मी माणसे नेली होती, असे मानले जाते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात चेरोकींनी ब्रिटिशांची बाजू घेतली आणि १७७६ मध्ये वसाहतींच्या सैनिकांनी त्यांची अनेक गावे आणि उभी पिके जाळून टाकली. सेक्वोयाच्या बालपणावर या धगीची सावली होती.

त्याची आई वुट-तेह चेरोकी होती. वडील गोरे व्यापारी असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जॉर्ज गेस किंवा गिस्ट हे त्याचे इंग्रजी नाव त्यातूनच आले. तथापि चेरोकी समाज मातृवंशीय होता. मूल आईच्या कुळाचे मानले जाई आणि त्याचे स्थान त्या कुळावरून ठरे. त्यामुळे वडील कोण होते, या प्रश्नाने सेक्वोयाच्या चेरोकीपणात काहीच उणे आले नाही. तो आईजवळ वाढला, चेरोकी बोलला आणि इंग्रजी तो अखेरपर्यंत शिकला नाही. एका पायाने तो अधू होता. शिकारीत आणि शेतीत फारसे मन न रमलेला हा तरुण पुढे चांदीकामात निष्णात झाला. लोहारकामही तो शिकला. आपण घडवलेल्या दागिन्यांवर आपले नाव कोरता यावे, म्हणून त्याने चार्ल्स हिक्स या सुशिक्षित चेरोकीकडून आपल्या इंग्रजी नावाची अक्षरे कागदावर उतरवून घेतली, असे सांगितले जाते. अर्थ न कळता गिरवलेली ती अक्षरे हाच त्याचा अक्षरांशी पहिला परिचय म्हणायचा.

त्या काळी कागद ही चेरोकींच्या दृष्टीने गूढ आणि काहीशी भयकारक वस्तू होती. गोऱ्यांच्या पत्रांना आणि पुस्तकांना ते बोलणारी पाने म्हणत. १७८५ चा होपवेलचा तह आणि १७९१ चा होल्स्टनचा तह हे सगळे इंग्रजीत लिहिले गेले. दुभाषा सांगेल तो अर्थ मानायचा आणि त्याखाली फुली उमटवायची, एवढेच चेरोकी मुखियांच्या हाती असे. प्रत्येक तहानंतर त्यांची भूमी आक्रसत गेली. ही पाने दैवी शक्तीने बोलतात, असे अनेकांना वाटे. सेक्वोयाचे मत मात्र वेगळे होते. त्यात जादू नसून ती एक युक्ती आहे, आणि जी युक्ती एका माणसाला सुचली ती दुसऱ्यालाही साधता येईल, अशी त्याची खात्री झाली होती. १८०९ च्या सुमारास त्याने या कामाला हात घातला.

मध्येच युद्धाचा व्यत्यय आला. १८१३ मध्ये क्रीक जमातीतील एका गटाविरुद्ध अमेरिकेने मोहीम उघडली, तेव्हा अनेक चेरोकी अमेरिकेच्या बाजूने लढले. सेक्वोयाही त्या पथकात भरती झाला. २७ मार्च १८१४ रोजी अलाबामातील हॉर्सशू बेंड येथे निर्णायक लढाई झाली. चेरोकी योद्धे नदी पोहून गेले, त्यांनी शत्रूच्या होड्या पळवल्या आणि पिछाडीवर हल्ला चढवला. या विजयाने अमेरिकन सेनापती अँड्र्यू जॅक्सन याचे नाव देशभर झाले. याच जॅक्सनने पुढे राष्ट्राध्यक्ष म्हणून चेरोकींच्या हद्दपारीचा मार्ग मोकळा केला, हा इतिहासाचा क्रूर उपहास होय. छावणीत गोरे सैनिक घरी पत्रे लिहीत आणि घरून आलेली पत्रे वाचत. चेरोकी सैनिकांना मात्र घरची खुशाली कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. सेक्वोयाचा निश्चय या अनुभवाने अधिकच पक्का झाला.

परतल्यानंतर तो अलाबामातील विल्सटाउन येथे पुन्हा कामाला लागला. आरंभी त्याने प्रत्येक शब्दाला एक चिन्ह देऊन पाहिले. चिन्हांची संख्या हजारोंच्या घरात जाऊ लागली, तेव्हा एवढी चिन्हे लक्षात ठेवणे कोणालाच शक्य नाही, हे त्याच्या ध्यानात आले. शेतीकडे त्याचे दुर्लक्ष झाले. शेजाऱ्यांना तो वेडा वाटू लागला, तर काहींना चेटूक करणारा. संतापलेल्या पत्नीने त्याची कित्येक महिन्यांची मेहनत आगीत टाकली, अशीही कथा प्रचलित आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातून एका कुटुंबाने सोसलेल्या ओढाताणीची कल्पना येते.

शब्द सोडून तो ध्वनींकडे वळला आणि तेथेच कोडे सुटले. लोकांचे बोलणे कान देऊन ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आले, की चेरोकी भाषेतील असंख्य शब्द मोजक्याच ध्वनिगटांच्या जुळणीतून बनतात. व्यंजन आणि स्वर यांच्या प्रत्येक जोडीला त्याने एकेक चिन्ह दिले. बाराखडीवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे तत्त्व सहज उमजेल. फरक इतकाच, की देवनागरीत क, की, कू यांचा मूळ आकार एकच राहतो आणि मात्रा तेवढी बदलते, तर सेक्वोयाच्या लिपीत यांतील प्रत्येकाला पूर्णपणे स्वतंत्र आकार आहे. केवळ स या ध्वनीला त्याने स्वराशिवाय एक वेगळे चिन्ह दिले, कारण तो ध्वनी अन्य व्यंजनांच्या आधी एकटाच येतो. आरंभीच्या ८६ चिन्हांपैकी पुढे ८५ वापरात राहिली.

काही आकार त्याने इंग्रजी पुस्तकातून उचलले. परंतु त्यांचे उच्चार त्याला ठाऊक नव्हते आणि त्यांची त्याला गरजही नव्हती. त्यामुळे त्याच्या लिपीत इंग्रजी डीसारखे दिसणारे अक्षर अ असे वाचले जाते, आरसारखे दिसणारे ए, तर डब्ल्यूसारखे दिसणारे ला. इंग्रजी जाणणारा माणूस हा मजकूर पाहून चक्रावून जातो. चेरोकी बोलणाऱ्याला मात्र स्पेलिंगची कटकट नव्हती. ८५ चिन्हे ओळखता आली, की जे बोलायचे ते लिहिता येई आणि जे लिहिले आहे ते वाचता येई.

लिपी तयार झाली. आता तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, हा प्रश्न होता. सेक्वोयाची पहिली विद्यार्थिनी त्याची धाकटी मुलगी अहयोका. समाजातील प्रमुखांपुढे परीक्षा झाली, तेव्हा बाप-लेकीला एकमेकांपासून दूर ठेवण्यात आले. एकाला सांगितलेला मजकूर त्याने लिहायचा आणि दुसऱ्याने तो वाचून दाखवायचा. छोट्या अहयोकाने वडिलांचा कागद हाती घेऊन त्यातील शब्द जसेच्या तसे उच्चारले. तरीही काहींची शंका फिटली नाही. मग काही तरुणांना लिपी शिकवून त्यांचीही अशीच परीक्षा घेण्यात आली, आणि चेटकाचा आरोप त्यानंतर विरून गेला.

पुढे जे घडले ते थक्क करणारे होते. शाळा नव्हती, पगारी शिक्षक नव्हते, छापील पुस्तक तर नव्हतेच. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला शिकवावे, अशा रीतीने ही लिपी घराघरांत पोहोचली. झाडांच्या सालींवर, कुंपणांवर, घरांच्या भिंतींवर कोळशाने अक्षरे गिरवली जाऊ लागली. वर्षानुवर्षे मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजी शिकूनही जे मुलांना साधत नव्हते, ते आठवड्या-दोन आठवड्यांत साधू लागले. काही वर्षांतच हजारो चेरोकी साक्षर झाले. चेरोकींचा एक गट आधीच मिसिसिपी नदीपलीकडे अर्कान्सॉत जाऊन राहिला होता. सेक्वोयाने तेथेही लिपी नेली आणि शेकडो मैल दुरावलेले नातलग एकमेकांना पत्रे लिहू लागले. १८२४ मध्ये चेरोकी परिषदेने त्याला रौप्यपदक देण्याचा ठराव केला.

१८२७ मध्ये चेरोकींनी लेखी राज्यघटना स्वीकारली. पाठोपाठ २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातील न्यू एकोटा या त्यांच्या राजधानीत चेरोकी फिनिक्स या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. चेरोकी अक्षरांचे खिळे बोस्टनमध्ये ओतून घेण्यात आले आणि छपाईयंत्रासह जहाजातून व पुढे गाड्यांतून न्यू एकोटापर्यंत आणण्यात आले. सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याने त्यासाठी मोठी खटपट केली. इलायस बूदिनो हा तरुण चेरोकी संपादक झाला. इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन्ही भाषांत मजकूर असलेले हे पत्र अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे पहिले वर्तमानपत्र ठरले. कायदे, बातम्या आणि भूमीच्या हक्काची बाजू त्यातून मांडली जात असे. अमेरिकेच्या नेत्यांनी सुधारणेचे जे जे निकष सांगितले होते, ते ते चेरोकींनी पूर्ण केले होते.

या सुधारणेला एक काळी बाजूही होती, ती लपवण्याचे कारण नाही. गोऱ्या शेजाऱ्यांचे अनुकरण करताना सधन चेरोकींनी त्यांची गुलामगिरीही उचलली. १८३५ च्या गणनेत चेरोकी राष्ट्रात सुमारे दीड हजार कृष्णवर्णीय गुलाम नोंदले गेले. स्वतःच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या समाजाने दुसऱ्यांचे हक्क असे नाकारले होते.

फिनिक्सचा पहिला अंक निघाला तेव्हा सेक्वोया अर्कान्सॉत राहत होता. त्याच वर्षी तेथील चेरोकींच्या शिष्टमंडळातून तो वॉशिंग्टनला गेला. ६ मे १८२८ च्या तहान्वये या गटाने अर्कान्सॉतील जमीन सोडून आणखी पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात जाण्याचे मान्य केले. या तहाबद्दल शिष्टमंडळावर स्वकीयांचा रोष ओढवला. ज्या कागदाच्या सत्तेवर मात करण्यासाठी सेक्वोयाने आयुष्य वेचले, त्याच सत्तेपुढे त्यालाही झुकावे लागले होते. याच मुक्कामात चार्ल्स बर्ड किंग या चित्रकाराने त्याचे चित्र रंगवले. डोक्याला पागोट्यासारखे वस्त्र, तोंडात लांब दांड्याची चिलीम, गळ्यात पदक आणि हातात अक्षरांचा फलक, असा तो त्यात दिसतो. मूळ चित्र १८६५ मध्ये स्मिथसोनियन संस्थेला लागलेल्या आगीत जळाले. त्याच्या प्रतिकृतींवरून जगाला त्याचा चेहरा ठाऊक आहे. १८२९ मध्ये त्याने आजच्या सॅलिसॉ गावाजवळ बांधलेले ओंडक्यांचे घर अद्याप जपून ठेवलेले आहे.

इकडे जॉर्जियात परिस्थिती वेगाने बिघडत गेली. चेरोकींच्या भूमीत सोने सापडल्याची बातमी १८२९ मध्ये पसरली आणि गोऱ्यांच्या झुंडी तेथे घुसल्या. जॉर्जिया राज्याने चेरोकींचे कायदे रद्दबातल ठरवले. २८ मे १८३० रोजी राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. राज्याचा परवाना न घेता चेरोकी भूमीत राहिल्याबद्दल वूस्टरला चार वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी चेरोकी भूमीत जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत, असा निकाल दिला. चेरोकी जिंकले होते. पण या निकालाने त्यांचे संरक्षण करण्याची इच्छा ना राज्याला होती ना राष्ट्राध्यक्षाला.

या कोंडीत चेरोकींमध्येच फूट पडली. स्थलांतर अटळ आहे, असे बूदिनोला वाटू लागले. त्या विषयावर फिनिक्समधून खुली चर्चा करू न दिल्याने त्याने १८३२ मध्ये संपादकपद सोडले. प्रमुख मुखिया जॉन रॉस आणि बहुसंख्य जनता मात्र भूमी सोडण्यास तयार नव्हती. १८३४ मध्ये फिनिक्स बंद पडले आणि पुढील वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी त्याचे छपाईयंत्र जप्त केले. २९ डिसेंबर १८३५ रोजी बूदिनो, मेजर रिज आणि मूठभर सहकाऱ्यांनी न्यू एकोटाच्या तहावर सह्या करून ५० लाख डॉलरच्या मोबदल्यात मिसिसिपीच्या पूर्वेकडील सारी भूमी देऊन टाकली. त्याविरुद्ध हजारो चेरोकींनी अर्ज केले, तरीही अमेरिकन सिनेटने अवघ्या एका मताच्या आधिक्याने हा तह मंजूर केला.

मे १८३८ मध्ये जनरल विनफिल्ड स्कॉटच्या सैन्याने चेरोकींना घराघरांतून बाहेर काढून लाकडी कुंपणांच्या छावण्यांत डांबले. सुमारे १६ हजार माणसांना पश्चिमेकडे नेण्यात आले. हगवण, गोवर, उपासमार आणि कडाक्याच्या थंडीने वाटेत माणसे पटापट मेली. सुमारे चार हजार मृत्यू झाले, असा सर्वसाधारण अंदाज आहे. अश्रूंची वाट या नावाने हा प्रवास ओळखला जातो. न्यू एकोटा ओस पडले. तेथे १९५४ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा फिनिक्सच्या छापखान्यातील शिशाचे चेरोकी खिळे मातीतून बाहेर आले.

पश्चिमेला पोहोचलेल्यांना तेथेही शांतता लाभली नाही. आधी येऊन स्थायिक झालेले आणि नव्याने आलेले यांच्यात सत्ता कोणाची, यावरून वाद पेटला. २२ जून १८३९ रोजी मेजर रिज, त्याचा मुलगा जॉन आणि इलायस बूदिनो या तिघांची तहावर सही केल्याबद्दल स्वकीयांकडूनच हत्या झाली. यादवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या समाजात सेक्वोयाच्या शब्दाला मान होता. जुन्या रहिवाशांच्या बाजूने तो पुढे आला आणि दोन्ही गटांनी एकत्र यावे, यासाठी त्याने आपले वजन खर्ची घातले. १२ जुलै १८३९ च्या ऐक्यकरारावर पश्चिमेकडील चेरोकींचा अध्यक्ष म्हणून त्याने सही केली. पुढे तालेक्वा ही नवी राजधानी झाली आणि १८४४ मध्ये तेथून चेरोकी ॲडव्होकेट हे नवे पत्र निघाले. पुन्हा इंग्रजी आणि चेरोकी, पुन्हा तीच अक्षरे. भूमी गेली होती, पण लिपी लोकांबरोबर चालत आली होती.

सेक्वोयाला मात्र एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. चेरोकींचे काही गट पूर्वीच मेक्सिकोच्या दिशेने निघून गेले होते. त्यांना शोधावे, लिपी शिकवावी आणि शक्य तर परत आणावे, या हेतूने १८४२ मध्ये सत्तरीच्या घरातील हा म्हातारा मुलगा टीसी आणि काही सोबत्यांसह निघाला. वाटेत त्यांचे घोडे चोरीला गेले, अन्न संपले, सेक्वोया आजारी पडला. अखेर तो मेक्सिकोतील चेरोकी वस्तीपर्यंत पोहोचला; पण परतीचा प्रवास त्याच्या नशिबी नव्हता. १८४३ मध्ये सान फर्नांडो या गावाजवळ त्याचा मृत्यू झाला. मृत्यूची खात्रीलायक वार्ता ओक्लाहोमातील त्याच्या माणसांना १८४५ मध्ये कळली. त्याची समाधी कोठे आहे, हे आजतागायत निश्चित झालेले नाही.

त्याच्या नावाने मात्र पुष्कळ काही उभे राहिले. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ स्टेफान एंडलिखर याने १८४७ मध्ये कॅलिफोर्नियातील महावृक्षांच्या प्रजातीला सेक्वोया हे नाव दिले. त्याने नावाचे कारण लिहून ठेवले नाही. तथापि तो भाषांचाही अभ्यासक असल्याने लिपीकाराच्या गौरवार्थच ते दिले असावे, असे मानले जाते. १९०५ मध्ये मूळ रहिवाशांनी सेक्वोया नावाचे स्वतंत्र राज्य मागितले. अमेरिकन काँग्रेसने ती मागणी फेटाळली आणि १९०७ मध्ये तो प्रदेश ओक्लाहोमा राज्यात विलीन झाला. त्याच राज्याने १९१७ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत सेक्वोयाचा पुतळा बसवला. जॅक्सन ज्या शहरातून राज्य करीत होता, त्याच शहरात.

लिपीही काळाबरोबर चालली. १९९९ मध्ये तिचा युनिकोडमध्ये समावेश झाला आणि २०१० मध्ये ती आयफोनवर आली. आज एकट्या चेरोकी नेशनची नोंदणीकृत सदस्यसंख्या साडेचार लाखांहून अधिक आहे. परंतु चेरोकी ही ज्यांची पहिली भाषा आहे, अशी माणसे सुमारे दोन हजारच उरल्याचा अंदाज २०१९ मध्ये पुढे आला, आणि त्या वर्षी चेरोकींच्या तिन्ही मान्यताप्राप्त जमातींनी एकत्र येऊन भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. सैन्याला जे जमले नाही, ते पुढे इंग्रजी निवासी शाळांनी आणि रोजच्या व्यवहारातल्या इंग्रजीने मोठ्या प्रमाणावर साधले. आता प्रौढांसाठी आणि मुलांसाठी केवळ चेरोकीतून शिकवणारे वर्ग चालवले जात आहेत. त्या वर्गांतील फलकांवर तीच ८५ अक्षरे आहेत. भाषा टिकवण्याची साधने सेक्वोयाने आपल्या लोकांच्या हाती दिली. ती बोलत राहण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. दोनशे वर्षांपूर्वी एका लहान मुलीने वडिलांचा कागद वाचून दाखवला होता. तसे वाचणारी मुले त्या वर्गांतून किती तयार होतात, यावर त्याच्या लिपीचे पुढचे भवितव्य अवलंबून आहे.